बारावीत माळ्यावर गेलेली रॅकेट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात क्रीडापानाच्या अगदी तळाशी बेन शेल्टन या अमेरिकन टेनिसपटूच्या सामन्याची चार ओळींची बातमी होती. बातमीत निकाल होता, बाकी काही नव्हतं. जागा कमी असते हे मला कळतं. पण हा पोरगा घडला कसा, हे आपल्या खान्देशातल्या आईबापांनी आणि प्राचार्यांनी वाचावं असं मला फार वाटतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, तरी जमल्यास पूर्ण छापावं.

मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून निवृत्त झालेला माणूस. टेनिसशी माझा संबंध रोलरपासून सुरू झाला. वसाहतीजवळ लाल मातीचं एक कोर्ट होतं. तिथे एक सीनियर साहेब रोज पहाटे खेळायला यायचे आणि मी ड्युटीवर जाण्याआधी त्यांना कोर्ट तयार करून द्यायचो. आधी पाणी मारायचं, माती ओलसर झाली की रोलर फिरवायचा, मग दोन खिळ्यांना सुतळी ताणून तिच्या कडेने फक्की मारायची. सुतळी जराही ढिली राहिली तर बेसलाइन पोट सुटल्यासारखी वाकडी दिसते. साहेबांना जोडीदार मिळाला नाही की ते मला समोर उभं करायचे. असं करत करत मी खेळायला शिकलो. बदली झाली तेव्हा ते आपली एक रॅकेट मला देऊन गेले.

माझी थोरली सात वर्षांची होती तेव्हापासून माझ्याबरोबर कोर्टवर यायला लागली. सुतळीचं दुसरं टोक धरायला मला कुणीतरी हवंच होतं. दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा बरी खेळायला लागली. पुढे जिल्ह्यातून निवड झाली आणि शालेय राज्य स्पर्धेला दोन वेळा जाऊन आली. नाशिकहून मी तिला नवी रॅकेट आणून दिली, तेव्हा ती दोन दिवस उशाशी घेऊन झोपली होती. इथे गटिंग करून, म्हणजे रॅकेटला तारा ओवून देणारा कुणी नव्हता. तार तुटली की रॅकेट जळगावला पाठवायची आणि परत येईपर्यंत साहेबांच्या जुन्या जड रॅकेटने खेळायचं. त्या जड रॅकेटमुळेच तिचा बॅकहँड पक्का झाला, असं मला अजूनही वाटतं.

मग 2013 च्या जूनमध्ये ती बारावीला गेली. माझी आई म्हणाली, "पोरीले यंदा बारावी हाय. त्या बॅटीले आता माळ्यावर ठेव." आईला दोष देत नाही. तिने तिच्या परीने नातीच्या भल्याचंच सांगितलं. स्टुलावर चढलो तो मी. जुन्या उशीच्या अभ्र्यात रॅकेट गुंडाळली आणि माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागे सरकवून दिली. पोरगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, ग्रिप काढून ठेवू का? नाहीतर उन्हाळ्यात चिकट होईल." मी म्हणालो, राहू दे, परीक्षा झाली की काढायचीच आहे.

काढली ती साडेनऊ वर्षांनी.

मध्ये काय झालं ते थोडक्यात सांगतो. बारावीला तिला 71 टक्के पडले. खेळ बंद करून वाचलेला तो संध्याकाळचा तास अभ्यासाला लागला, असं मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण त्या वर्षी संध्याकाळी ती पुस्तक पुढ्यात घेऊन नुसती बसलेली मला दिसायची. नंतर तिने बीएस्सीला प्रवेश घेतला. त्या महाविद्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण हे चित्र कुठल्या एकाच ठिकाणचं आहे असं मला वाटत नाही. पहिल्या वर्षी सप्टेंबरात फळ्यावर नोटीस लागली की टेनिसचा संघ पाठवायचा आहे, इच्छुक मुलींनी नावं द्यावीत. स्पर्धा चौथ्या दिवशी होती. हिने मागची रॅकेट मागितली नाही, वर्गातल्या मैत्रिणीच्या भावाची आणली. बरोबरच्या मुली संघाची संख्या भरावी म्हणून घेतलेल्या होत्या, त्यातल्या दोघींनी त्याआधी टेनिसचा चेंडू हातात धरलेला नव्हता. हिने आपला सामना जिंकला, संघ हरला, सगळ्या जणी संध्याकाळच्या एसटीने परत आल्या. वर्षाचं टेनिस संपलं! त्या दिवशी बुडलेलं प्रात्यक्षिक पुन्हा घ्यायला मात्र तिला पाच वेळा अर्ज करावा लागला. दुसऱ्या वर्षी नोटीस लागली तेव्हा तिने ती वाचलीसुद्धा नाही. हे तिने मला लग्नानंतर सांगितलं.

आता शेल्टनकडे येतो.

2023 च्या जानेवारीत मी सकाळी चहा घेऊन टीव्हीवर ऑस्ट्रेलियन ओपन पाहत बसलो होतो. एक वीस वर्षांचा उंच डावखुरा पोरगा खेळत होता. सर्व्हिस अशी की समोरच्याला रॅकेट लावायला वेळ मिळत नव्हता. प्रत्येक गुणाला उडी मारत होता, प्रेक्षकांकडे बघून हसत होता. समालोचकांनी सांगितलं की हा आयुष्यात पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर आला आहे आणि याचा विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासही चालूच आहे. हातातला कप मी खाली ठेवला. ज्या वयात आमच्या घरातून खेळ कायमचा गेला, त्या वयात हा पोरगा कॉलेजातून उठून ग्रँड स्लॅमच्या उपांत्यपूर्व फेरीत येऊन उभा होता आणि पुस्तकं सोबत घेऊन आला होता.

त्या दिवसापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो. जन्म 9 ऑक्टोबर 2002 चा, अटलांटा शहरातला. वडील ब्रायन शेल्टन स्वतः मोठे खेळाडू. जागतिक क्रमवारीत 55 व्या क्रमांकापर्यंत गेलेले. 1994 च्या विम्बल्डनला त्यांनी पहिल्याच फेरीत दुसऱ्या मानांकित मायकेल स्टिचला हरवलं होतं आणि चौथी फेरी गाठली होती. पुढे ते कॉलेज संघांचे प्रशिक्षक झाले. जॉर्जिया टेकच्या मुलींना त्यांनी 2007 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, नंतर ते फ्लोरिडा विद्यापीठाच्या मुलांच्या संघाकडे आले. हे वाचून माझे एक मित्र म्हणाले, "मग झालं ना, बापच प्रशिक्षक असल्यावर पोरगा खेळणारच." बरोबर आहे, त्याचा फायदा मोठाच. पण त्या बापाने काय केलं तेही बघा. पोरगा लहानपणी अमेरिकन फुटबॉल खेळत होता, तो खेळू दिला. टेनिसकडे पोरगा नीट वळला तो अकरा-बारा वर्षांचा झाल्यावर. बरोबरीची मुलं ज्युनियर स्पर्धांसाठी देशोदेशी विमानाने फिरत असताना याला घरच्या घरी, नेहमीच्या शाळेत ठेवलं. घाई केली नाही. आमच्याकडे दोन्ही टोकं दिसतात. सहा वर्षांच्या पोराला अकादमीत घालून चॅम्पियन करायला निघणारे बाप आहेत, आणि माझ्यासारखे सतराव्या वर्षी स्टुलावर चढणारेही आहेत.

2020 मध्ये बेन फ्लोरिडा विद्यापीठात दाखल झाला. इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिथे कॉलेज टेनिस म्हणजे वर्षातून एकदाची स्पर्धा नाही. जानेवारीपासून मेपर्यंत एका विद्यापीठाचा संघ दुसऱ्या विद्यापीठाच्या संघाशी खेळत राहतो, कधी आपल्या मैदानावर, कधी त्यांच्या. त्याची रीत अशी की आधी दुहेरीचे तीन सामने एकाच वेळी होतात, प्रत्येक एकाच सेटचा. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग एकेरीचे सहा सामने, सहा कोर्टांवर, तेही बरोबरच सुरू. प्रत्येकाचा एक गुण. जो संघ आधी चार गुण करील तो जिंकला. गेममध्ये 40-40 झालं की ड्यूस-अॅडव्हान्टेज नाही, म्हणजे सलग दोन गुण घ्यावे लागत नाहीत, एकच निर्णायक गुण. आपला सामना संपला की पोरं शेजारच्या कोर्टाला चिकटून उभी राहतात आणि आपल्या गड्यासाठी घसा फोडून ओरडतात. टेनिससारख्या एकट्याच्या खेळाला त्यांनी कबड्डीसारखं सांघिक करून टाकलं आहे. तुम्ही सहाव्या क्रमांकावर खेळत असाल, तरी तुमच्या सामन्याचा गुण पहिल्या क्रमांकाच्या गुणाइतकाच मोलाचा. त्यामुळे सहाव्या पोरालासुद्धा रोज पहाटे उठावंसं वाटतं.

या रचनेतून शेल्टन आला. पहिल्या वर्षी संघातले वरचे क्रमांक सीनियर मुलांकडे होते, हा खालच्या क्रमांकावर खेळत होता. 2021 च्या मे महिन्यात राष्ट्रीय अंतिम सामन्यात फ्लोरिडाने बेलर विद्यापीठाला 4-1 असं हरवलं. त्यातला चौथा गुण, ज्याने विजेतेपद पक्कं झालं, तो या पहिल्या वर्षाच्या पोराच्या सामन्यातून आला. फ्लोरिडाच्या पुरुष संघाचं ते पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद. अठरा वर्षांचा पोरगा, कोर्टाच्या कडेला श्वास रोखून उभे असलेले सोबती, आणि सगळ्या संघाचं ओझं याच्या सर्व्हिसवर. हजारो लोकांसमोर न घाबरता खेळणं तो पुढे एकदम शिकला नाही, इथे शिकला. पुढच्याच वर्षी, 2022 मध्ये, इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावी तो कॉलेज एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला.

आणि तरी अभ्यासाला सुट्टी नाही. खेळाडूने ठरावीक विषय घेतले पाहिजेत, ठरावीक गुण टिकवले पाहिजेत, नाहीतर संघाबाहेर. हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव घ्यायला नियमानेच बंदी. हे वाचून मी थांबलो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय विजेत्या संघाला आठवड्याला 20 तास. माझी पोरगी बारावीच्या आधी जास्तीत जास्त नऊ-दहा तास खेळत होती आणि तेवढेही मला जड झाले.

2022 च्या उन्हाळ्यात शेल्टन व्यावसायिक टेनिसच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, एटीपी स्पर्धांत उतरला. तिथला पहिला विजय कुणाविरुद्ध? आपल्या चेन्नईच्या रामकुमार रामनाथनविरुद्ध, अटलांटामध्ये, जुलै 2022. पुढचा सामना तो जॉन इस्नरशी हरला. ऑगस्टमध्ये सिनसिनाटीला जागतिक क्रमवारीत पाचव्या असलेल्या कॅस्पर रूडला त्याने 6-3, 6-3 असं सरळ हरवलं, तेव्हा हा स्वतः दोनशेच्याही बाहेर होता. लगेच पुढच्या सामन्यात कॅमेरॉन नॉरीने त्याला 6-0, 6-2 असं धुतलं. याच महिन्यात त्याने कॉलेज सोडून व्यावसायिक व्हायचं ठरवलं, अभ्यास ऑनलाइन चालू ठेवून. अमेरिकन ओपनला पहिल्याच फेरीत पाच सेट खेळून पोर्तुगालच्या नुनो बोर्जेसशी हरला. मग मोठ्या स्पर्धांचा हट्ट सोडून खालच्या पायरीवर, चॅलेंजर स्पर्धांत गेला, आणि नोव्हेंबरात शार्लट्सव्हिल, नॉक्सव्हिल आणि शॅम्पेन अशा तीन स्पर्धा लागोपाठ जिंकून पहिल्या शंभरात आला. जानेवारीत ऑस्ट्रेलिया. तिथल्या उपांत्यपूर्व फेरीनंतर पुढचे सात महिने बहुतेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरत राहिला. आमच्याकडे एवढ्यात "पोराने करिअर वाया घालवलं" असं चार नातेवाइकांनी सांगितलं असतं. त्याच सप्टेंबरात तो अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला. ताशी 149 मैलांची, म्हणजे 240 किलोमीटरची सर्व्हिस तिथलीच. जोकोविचने त्याला हरवलं. तो सामना मी मध्यरात्रीनंतर एकटा जागून पाहिला. ऑक्टोबरात टोकियोला त्याने पहिलं मोठं विजेतेपद मिळवलं. 2025 मध्ये टोरांटोची मास्टर्स स्पर्धा जिंकली, ते आपण छापलंच असेल.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. वरच्यातली तीन नावं पुन्हा पाहा. इस्नर जॉर्जिया विद्यापीठात चार वर्षं खेळलेला. नॉरी टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा. बोर्जेस मिसिसिपी स्टेटचा. तिघंही कॉलेजचीच पोरं! आणि ज्या इस्नरने शेल्टनला हरवलं, त्याला 2007 च्या कॉलेज एकेरीच्या अंतिम सामन्यात कुणी हरवलं होतं? आपल्या सोमदेव देववर्मनने. सोमदेव व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळायचा, म्हणजे त्याच शार्लट्सव्हिल गावी. 2007 आणि 2008 अशी सलग दोन वर्षं तो राष्ट्रीय विजेता होता, आणि 2010 च्या आशियाई स्पर्धेत त्याने एकेरीचं सुवर्ण आणलं. ही वाट आपल्या मुलांना परकी नाही.

आणि दूर कशाला जा. ऋतुजा भोसले. जन्म श्रीरामपूरचा, 1996 सालचा. ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. माझी थोरलीही 1996 चीच. माझी पोरगी ऋतुजा झाली असती असा माझा दावा नाही, तेवढा खेळ तिच्यात होता की नव्हता हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ते सांगता येणार नाही, हीच माझी बोच आहे.

त्या जानेवारीतच मी माळ्यावरून रॅकेट काढली. अभ्रा पिवळा पडला होता. पत्र्याखालच्या नऊ उन्हाळ्यांनी, आणि आमचा उन्हाळा म्हणजे 45 अंशांचा, दोन तारा आपोआप तुटलेल्या होत्या. मूठ धरली तर ग्रिप विरघळून हाताला चिकटली, तळव्यावर काळा थर बसला. घासलेटने धुतला तेव्हा निघाला. पोरीने सांगितलं होतं अगदी तसंच झालं होतं. फोनवर तिला सांगितलं, तर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फ्रेम वाकडी नाही ना झाली?" फ्रेम शाबूत होती.

आता मुद्द्याचं. मी कुणाला पोरं अमेरिकेला पाठवा असं सांगत नाही. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळते असं सांगणारे एजंट फिरताहेत, त्यांच्यापासूनही सावध राहावं. तिथे मुलांच्या संघाला कित्येक वर्षं साडेचारच शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या सगळ्यांत वाटून दिल्या जायच्या. मुलींना आठ होत्या. त्यासाठी जगभरातली पोरं रांगेत. मला हवी आहे ती त्यांची रीत, आणि ती इथे आणायला डॉलर लागत नाहीत.

आपल्याकडे सुरतेची रेल्वेलाइन आहे. भुसावळहून निघालं की जळगाव, धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. या प्रत्येक गावी महाविद्यालय आहे आणि बहुतेकांची ग्राउंडं स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला पाचोरा, चाळीसगाव आणि तिथून फाट्याने धुळे. आयुष्यभर या लाइनीवरच्या गाड्यांची इंजिनं मी दुरुस्त केली आहेत. सकाळच्या पॅसेंजरने संघ गेला, दुपारी खेळला आणि रात्री घरी आला, असं सहज होतं. मग दोन महाविद्यालयांनी आपसांत ठरवून दर पंधरवड्याला एक सामना का खेळू नये? एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आपल्या हवेला तेच महिने बरे. सहा कोर्टं कुणाकडेच नाहीत, मान्य आहे. मग एका कोर्टावर दुहेरीचा एक आणि एकेरीचे दोन असे तीन सामने छोट्या सेटचे घ्या, दिवसभरात आरामात होतात. टेनिस नसेल तिथे बॅडमिंटन घ्या, टेबल टेनिस घ्या. मोजणी तीच ठेवा, की सगळ्यात खालच्या क्रमांकाच्या पोराचाही गुण सारखाच. आज आपल्याकडे बाद पद्धतीने खेळ होतो. पहिल्या फेरीत हरलेली पोरगी वर्षातून चाळीस मिनिटं खेळून घरी जाते. चाळीस मिनिटांत कोण घडणार आहे?

आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या विद्यापीठाला माझी हात जोडून विनंती आहे की अशा सामन्यांना मान्यता द्यावी आणि संघातल्या मुलांची त्या दिवसाची हजेरी धरावी. बुडलेलं प्रात्यक्षिक आठवड्याच्या आत पुन्हा घ्यावं, त्यासाठी पोराला पाच अर्ज करायला लावू नयेत. आणि खेळाडूने उत्तीर्ण व्हायलाच हवं ही अट जरूर ठेवावी, त्यात ढील नको. आईबापांनाही मग धीर येतो. आज राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र आपण प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपतो ते वाढीव गुणांसाठी आणि सरकारी नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणासाठी. त्यात गैर काहीच नाही, माझ्याही कपाटात ती फाइल आहे. पण प्रमाणपत्र हातात आलं की खेळ सुटतो, आणि खरा खेळ तर तिथून पुढे सुरू होतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण घरातलंच आहे. माझ्या धाकट्या भावाची मुलगी यंदा बारावीला आहे. तीही डावखुरी आहे आणि गेली पाच वर्षं टेनिस खेळते. जूनमध्ये भावाचा फोन आला, "दादा, हिचं टेनिस या वर्षापुरतं बंद करू का? तुझ्या पोरीचं तू केलं होतंस तसं." मी त्याला फोनवर काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, ती रॅकेट बरोबर नेली. जळगावहून गटिंग करून आणलेली, नवी ग्रिप चढवलेली. त्याच्यापुढे ठेवली आणि माळ्याची सगळी हकीकत सांगितली. आमच्यात ठरलं ते असं की पहाटे सव्वापाच ते साडेसहा खेळायचं, रविवारी दोन तास, परीक्षेआधीचे पंधरा दिवस सुट्टी. पोरीने ते कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे. घटक चाचणीत तिचे गुण उतरलेले नाहीत. पुढे बोर्डात काय होतं ते बघू, पण काहीही झालं तरी रॅकेट माळ्यावर जाणार नाही, असा शब्द मी भावाकडून घेतला आहे.

तिला पुढच्या वर्षी ज्या महाविद्यालयात प्रवेश मिळेल, तिथल्या नोटीस बोर्डावर सप्टेंबरात चार दिवस आधी लागलेली नोटीस तिने वाचू नये, तिच्या हातात जूनमध्येच पूर्ण हंगामाचं वेळापत्रक पडावं, एवढीच माझी इच्छा आहे. संपादक साहेब, महाविद्यालयांचे असे सामने सुरू झालेच, तर निकाल आपण छापावेत. दोन ओळी पुरे, पण खेळणाऱ्या प्रत्येकाचं नाव यावं, शेवटच्या क्रमांकाचंसुद्धा. आणि कुठल्याही प्राचार्यांनी पहिला सामना ठरवला, कोर्ट गवताने भरलेलं असलं तरी हरकत नाही, आदल्या दिवशी मला कळवावं. फक्की, सुतळी आणि खिळे घेऊन मी पहिल्या गाडीने येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ
(मुलीच्या सासरची मंडळी आपला अंक वाचतात, म्हणून कृपया नाव छापू नये. पत्ता आणि फोन सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे.)